धनुष्याची दोरी बदलावी केव्हा?

हत्यार कितीही महागाचे असो, त्यातला सर्वात स्वस्त भाग सर्वात आधी झिजतो आणि ऐन वेळी दगाही तोच देतो. शिवणयंत्राची सुई, पिंजाऱ्याची तात, करवतीचे पाते, सगळ्यांची गत एकच. आज आम्ही अशाच एका वस्तूविषयी लिहीत आहोत. ती म्हणजे धनुष्याची दोरी. ती केव्हा बदलावी हे ज्याला अचूक कळते त्याच्या हाती एक हुनर आहे, आणि त्या हुनराला आता गिऱ्हाईकही मिळू लागले आहे.

वाचक विचारतील, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. मग शिकारी धनुष्याशी आपला संबंध काय? संबंध असा. टोकांना चाके असलेले 'कंपाउंड' धनुष्य अमेरिकेत शिकारीसाठीच तयार झाले. मिसुरी राज्यातील होलेस विल्बर ॲलन यांना १९६९ साली त्याचे पेटंट मिळाले. तिकडे आजही कायदेशीर हंगामात हरणाची शिकार या धनुष्याने होते. त्याच जातीचे धनुष्य आपल्या खेळाडूंच्या हाती आले. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी याच प्रकारात वैयक्तिक विजेतेपद मिळवले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेचा समावेश झाला आहे. म्हणजे ही धनुष्ये वाढणार, आणि जिथे धनुष्य आहे तिथे दोरी झिजणारच.

दोरी बनते कशी?

दोरी म्हणजे एक सलग धागा नव्हे. बारीक, मजबूत कृत्रिम धाग्याचे अनेक पदर एकत्र घेऊन, त्यांना पीळ देऊन ती बनवतात. कंपाउंडच्या दोरीत धाग्याच्या जाडीनुसार साधारण २० ते २८ पदर असतात. जिथे बाणाची खाच बसते, जिथे दोरी चाकावरून फिरते आणि जिथे टोकाचे फास असतात, तिथे या पदरांवर दुसऱ्या दोऱ्याचे घट्ट वेढे देतात. या वेढ्यांना 'सर्व्हिंग' म्हणतात. वेढे झीज स्वतःच्या अंगावर घेतात आणि आतले पदर वाचवतात. दागिन्यांना रेशीम गुंफणाऱ्या पटवेकऱ्याला हे काम पाहताक्षणी ओळखीचे वाटेल.

शिकारी धनुष्य ओढायला साधारण ५० ते ७० पौंड, म्हणजे २३ ते ३२ किलो जोर लागतो. स्पर्धेतल्या कंपाउंडला ६० पौंडांची मर्यादा आहे. हा सगळा ताण दोरी आणि तिच्या जोडीच्या केबल्सवर येतो. त्यातले काही तुटले तर धनुष्य मोडते, चाक वाकते आणि तुटलेले टोक ओढणाऱ्याच्या हातावर किंवा तोंडावर बसते. शिकाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. दोरी लांबल्यामुळे नेम चार बोटे चुकला तर जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते आणि तडफडते. म्हणून हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही.

पाच लक्षणे

पहिले लक्षण, तुटलेला पदर. यात विचार करण्यासारखे काही नाही. एक जरी पदर तुटलेला किंवा कापलेला दिसला तरी धनुष्य बाजूला ठेवावे आणि दोरी बदलावी. "बाकीचे पदर शाबूत आहेत, एवढा हंगाम काढू," असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला स्पष्ट नकार द्यावा. शिकाऱ्याच्या बाणाला रुंद, धारदार पाते असते. ते नुसते घासून गेले तरी पदर कापला जातो.

दुसरे लक्षण, दोरीवर लव येणे. इथे घाई करू नये. दोरी कोरडी पडली की तिच्यावर बारीक केस दिसू लागतात. आधी दोरीचे मेण लावावे आणि बोटांनी चोळावे, म्हणजे उष्णतेने ते आत मुरते. लव बसली तर दोरी बरी आहे, तिला फक्त मेण हवे होते. मेण लावूनही केस पुन्हा उभे राहिले आणि दोरी हाताला खरखरीत लागली, तर तिचे दिवस भरले. मेण उघड्या पदरांना लावावे, वेढ्यांवर थापू नये. जादा मेण पुसून टाकावे, नाहीतर त्याला धूळ चिकटते आणि तीच धूळ पदर कापते.

तिसरे लक्षण, वेढे सुटणे. वेढे सैल झाले, सरकले किंवा त्यांच्यामध्ये फट पडली, तर आधी आतले पदर पाहावेत. पदर चांगले असतील तर नुसते वेढे नव्याने द्यावेत, अख्खी दोरी बदलण्याचे कारण नाही. आत पदर झिजलेले दिसले तर मात्र दोरी गेली. चाकाजवळची जागा, टोकाचे फास आणि केबल जिथे घासते ती जागा, या तीन ठिकाणी नजर हमखास टाकावी. उघडी मधली दोरी सगळेच पाहतात. दगा या कोपऱ्यांत होतो.

चौथे लक्षण, दोरी लांबणे. हे डोळ्यांना दिसत नाही, मापाने कळते. नवी दोरी पहिल्या शे-दोनशे बाणांत थोडी बसते, ते स्वाभाविक आहे. त्यानंतरही ती लांबत राहिली तर चाकांचा मेळ बिघडतो आणि धनुष्य ओढताना पूर्वीसारखे वाटत नाही. नेम धरण्यासाठी दोरीत बसवलेली छोटी कडी डोळ्यासमोर सरळ न येता फिरते. बाण नेहमीची जागा सोडून पडतात आणि खेळाडू स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. अशा वेळी चाकांवरच्या खुणा आणि जुने माप ताडून पाहावे. एकदा पीळ देऊन माप जुळवता येते. पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच झाले तर दोरी बदलावी. चाके नसलेल्या साध्या धनुष्यात मुठीपासून दोरीपर्यंतचे अंतर मोजतात. जुने तिरंदाज मूठ धरून अंगठा उभा करीत आणि त्यावरून हे अंतर पाहत. दोरी लांबली की हे अंतर कमी होते.

पाचवे लक्षण, वय. वरची चारही लक्षणे नसली तरी दोन-तीन वर्षांनी दोरी बदललेली बरी. रोज सराव करणाऱ्याची दोरी वर्षभरातही थकते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत धनुष्य ठेवणाऱ्याची दोरी त्याहून आधी जाते, कारण उष्णतेने हे धागे ताणाखाली लांबतात.

या पाचांशिवाय एक प्रसंग लक्षात ठेवावा. बाण न लावता दोरी ओढून सोडली गेली, तर जो जोर बाणाने न्यायचा तो धनुष्यातच राहतो. अशा वेळी दोरी, केबल्स, चाके आणि भुजा सगळे तपासल्याखेरीज पुढचा बाण सोडू देऊ नये.

बदलताना

कंपाउंडची दोरी हाताने उतरवण्याचा प्रयत्न करू नये. त्यासाठी भुजा दाबून धरणारा प्रेस लागतो. त्याच्याशिवाय हे काम म्हणजे अपघाताला आमंत्रण. दोरी आणि केबल्स एकाच वेळी बदलाव्यात, कारण दोन्हींचे वय सारखे असते. नवी दोरी आणि थकलेली केबल यांचा मेळ बसत नाही. दोरी उतरवण्यापूर्वी सगळी मापे लिहून घ्यावीत.

धाग्याची निवडही महत्त्वाची. आजचे न लांबणारे धागे नव्या धनुष्यांसाठी आहेत. जुन्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्याची टोके त्या धाग्याचा झटका सोसण्यासाठी मजबूत केलेली नसतील तर ती तडकतात. अशा धनुष्याला थोडा लवचीक, पॉलिएस्टरचा 'डेक्रॉन' धागाच योग्य. "महाग तेच चांगले" हा हिशेब इथे चालत नाही.

शिकारी हंगामाच्या आदल्या दिवशी दोरी बदलत नाही. तिकडे हरणाचा तिरंदाजीचा हंगाम बहुतेक राज्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतो आणि जाणते लोक उन्हाळ्यातच दोरी बदलून तिला बसायला वेळ देतात. आपल्या खेळाडूंनीही स्पर्धेआधी किमान शे-दोनशे बाण नव्या दोरीवर सोडलेले असावेत.

दुकानदाराची कसोटी

या कामात एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दोरी गेली की नाही हे सांगणारा आणि नवी दोरी विकणारा बहुधा एकच माणूस असतो. मेण लावून भागणाऱ्या गिऱ्हाइकाला नवी दोरी विकली तर आजचा गल्ला भरतो. पण तेच गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या जाणकाराला दोरी दाखवते, आणि मग त्याच्यासोबत त्याची सगळी अकादमी आपल्या दुकानाची पायरी सोडते. उलट, गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून तुटका पदर पाहूनही गप्प बसणे ही तर त्याहून मोठी चूक आहे. तिची किंमत कुणाच्या तरी डोळ्याने चुकवावी लागेल.

यावर आम्हाला दोन साधे उपाय दिसतात. प्रत्येक धनुष्याची एक नोंद ठेवा: दोरी कधी चढवली, धागा कोणता, मापे काय. पुढच्या वेळी निर्णय अंदाजाने न होता कागदावरून होईल. आणि बदललेली जुनी दोरी टाकून देऊ नका. ती गिऱ्हाइकाच्या हातात द्या, झिजलेली जागा बोटाने दाखवा आणि ती का बदलली ते सांगा. ज्या दुकानात जुनी दोरी दाखवली जाते, तिथे नवीचा भाव करायला कुणी फारसा थांबत नाही.