पहिलीच्या आधी

पहिलीतले पोर अक्षराला अडते, असे गुरुजी म्हणतात. आम्हाला वाटते, ते शब्दाला अडलेले असते. सीमाभागातील किती तरी पोरे घरी ‘मांजर’ म्हणतात, अंगणवाडीत ‘बेक्कु’ आणि मराठी पहिलीत पुन्हा ‘मांजर’. कन्नडला आमचा विरोध नाही; पोर दोन भाषा सहज उचलते. पण गोष्ट ऐकून ‘मग काय झालं?’ असे विचारणे आधी घरच्या बोलीतच जमते, आणि पुढचे वाचन त्यावरच उभे राहते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले. पाड्यावरची मुले येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सेविका कन्नड असेल, तर गावातील एखाद्या आजीने तासभर तिथे बसून गोष्ट सांगावी. कोणती आजी तयार आहे, ते आजच विचारा.