जिवंत खडक किती घालावा?

खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टाकीत ठेवतात तो ‘जिवंत खडक’ म्हणजे सच्छिद्र चुनखडी. जिवंत असतात ते तिच्यातले जिवाणू. मासे आणि उरलेले खाद्य यांमुळे पाण्यात येणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. जुना ठोकताळा लिटरमागे १२० ते २४० ग्रॅमचा, म्हणजे २०० लिटरच्या टाकीला २४ ते ४८ किलो. मला हा आकडा जास्त वाटतो. हलका, भरपूर छिद्रांचा खडक कमी वजनातही पुरतो. खडकांनी खच्चून भरलेल्या टाकीत पाणी खेळत नाही, मागे गाळ साचतो. मालवणच्या समुद्रातून मात्र प्रवाळखडक मुळीच उचलू नका, प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोरडा खडक आणून त्यावर जिवाणू वाढवा. त्याला काही आठवडे लागतात; अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासे सोडू नका.