मद्यमुक्तीची सभा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेवाळकरांच्या अमदानीत झाशीस येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांत सर्व सर्वांना ओळखतात. आणि म्हणूनच घरातील कर्त्या पुरुषाचे मद्यपान शेजाऱ्यापाजाऱ्यांस ठाऊक असले, तरी त्यावरील उपायाची वाच्यता मात्र कोणी करीत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मद्यावलंबी झालेल्या दर 38 जणांपैकी केवळ एकास कोणते तरी साहाय्य मिळते. या दुःस्थितीस उपचारांची वाण जितकी कारणीभूत आहे, तितकेच मद्य सोडू इच्छिणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या परस्परसाहाय्य संघटनेच्या, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या ‘एए’च्या सभांविषयीचे गैरसमजही आहेत.

गैरसमज : सभेस जाणे म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणे.
वस्तुस्थिती : निनावीपणा हा या संघटनेचा पायाच आहे. तेथे हजेरीपट नसतो, आडनाव विचारले जात नाही, आणि ज्यांनी ही चळवळ उभारली तेही आपल्या हयातीत जाहीररीत्या ‘बिल डब्ल्यू.’ व ‘डॉ. बॉब’ एवढ्याच नावांनी वावरले. खुल्या सभेस कोणीही जिज्ञासू बसू शकतो. बंद सभा मात्र ज्यांना स्वतःचे पिणे थांबवावयाचे आहे त्यांच्यापुरतीच असते. तेथे कोणी ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणास्तव आलेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे संकोचाचे अर्धे ओझे उतरते.

गैरसमज : आधी दारू सोडावी लागते, आणि प्रवेशास फी पडते.
वस्तुस्थिती : पिणे थांबविण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट आहे. दरखास्त नाही, दाखला नाही, जामीन नाही. खर्चासाठी सभासद स्वेच्छेने चार पैसे टाकतात. बाहेरच्यांची देणगी संघटना स्वीकारीत नाही. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असेही नाही, नुसते ऐकून परतता येते. आणि मध्यंतरी कोणी पुन्हा प्यालाच, म्हणजे तेथील बोलीत त्याची ‘स्लिप’ झाली, तर त्याला दार बंद होत नाही.

गैरसमज : हा ख्रिस्ती धर्मप्रसाराचा प्रकार आहे.
वस्तुस्थिती : 1935 साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे शेअरबाजारातील एक व्यावसायिक आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून ही चळवळ जन्मली, आणि तिच्यावर तत्कालीन एका ख्रिस्ती पंथाचा प्रभाव होता, हे खरे. परंतु 1939 साली ग्रंथरूपाने आलेल्या, मद्यमुक्तीसाठी सभासदांनी अनुसरावयाच्या बारा पायऱ्यांत ईश्वराची कल्पना ज्याची त्याने आपल्या आकलनाप्रमाणे करावी अशी मोकळीक ठेवली गेली, आणि नास्तिकांसही मज्जाव राहिला नाही. 1957 साली ही चळवळ मुंबईस आली, तेव्हा तेथे 1949 चा दारूबंदी कायदा अमलात होता. म्हणजे सरकारी मनाई असूनही ज्यांची तृष्णा शमली नव्हती, त्यांनाच तिची गरज भासली.

गैरसमज : सभेस जाऊ लागले की वैद्याची आवश्यकता उरत नाही.
वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक समज होय. दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्याने ते एकाएकी थांबविले, तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत कंप, भ्रम व ज्वर यांनी युक्त अशी प्राणघातक अवस्था उद्भवू शकते. यास्तव हात थरथरणाऱ्या किंवा पूर्वी आकडी आलेल्या मनुष्याने प्रथम महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात, अथवा अन्य तज्ज्ञाकडे जावे. औषध शरीराला सावरते. पुढील वर्षानुवर्षांच्या संयमाला सोबत सभेची लाभते.

गैरसमज : नुसत्या गप्पांनी व्यसन सुटत नसते.
वस्तुस्थिती : 2020 साली वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यास आणि 10,565 व्यक्तींची माहिती तपासली. रुग्णास एएकडे पद्धतशीरपणे वळविणारे उपचार, अखंड मद्यमुक्ती टिकविण्याच्या बाबतीत, अन्य मान्यताप्राप्त मानसोपचारांहून सरस ठरले. सर्वांनाच हा मार्ग मानवेल असे नाही, पण तो निरुपयोगी म्हणणे पुराव्यास धरून नाही.

गैरसमज : पिणाराच तयार नसेल तर घरच्यांना करण्यासारखे काही उरत नाही.
वस्तुस्थिती : पत्नी, आईवडील, मुले यांच्यासाठी 1951 पासून ‘अल-अ‍ॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना आहे, आणि तेथे जाण्यास पिणाऱ्याची संमती लागत नाही. डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने 1986 साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रानेही पत्नींच्या आधारगटास उपचारांत स्थान दिले आहे.

झाशीकरांनी आरंभ कोठून करावा? 14446 या केंद्र शासनाच्या निःशुल्क व्यसनमुक्ती क्रमांकावर, किंवा वर सांगितलेल्या विभागात, जवळची सभा कोठे व कधी भरते याची चौकशी करावी. वेळ व जागा बदलत असल्याने निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. गावातील ओळखींचा संकोच फारच वाटल्यास परगावच्या अथवा दूरध्वनीवरून चालणाऱ्या सभेने प्रारंभ करावा, आणि एका सभेवरून मत न बनविता निरनिराळ्या गटांत काही वेळा बसून पाहावे. कारण नियम सर्वत्र सारखे असले, तरी माणसे सर्वत्र सारखी नसतात.