उन्हाळी टायर बदलताना
जर्मनीत ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर आणि उरलेले महिने उन्हाळी, असा प्रघात आहे. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊन पकड सोडू लागतं. तापलेल्या रस्त्यावर मात्र ते घट्ट राहतं आणि गाडी वळणावर चालकाचं ऐकते.

फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयच्या टायरवर अनेकदा ‘२२५/४० आर १८ ९२ वाय’ असं दिसतं. रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के, रिम १८ इंची. ९२ म्हणजे एका टायरवर ६३० किलो भार, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर वेग. गाडीच्या कागदपत्रांत दिलंय त्याहून कमी क्षमतेचा टायर घेऊ नका.

वेगाची आवड असणारे कोरड्या रस्त्याचा विचार आधी करतात. मी मात्र युरोपीय लेबलवरची ओल्या रस्त्याची श्रेणी पाहीन. ती ‘ए’ असेल तर पावसात गाडी कितीतरी आधी थांबते. कायद्याने खाचांची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण ३ मिलिमीटरलाच टायर बदलावेत. खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकलं जात नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते.