नावातलं मधलं अक्षर

रोममधल्या पँथिऑनच्या दर्शनी भागावरचा लेख आपल्या लिपीत असा उतरवता येतो: 'एम. अग्रिप्पा एल. एफ. कॉस. टर्शियम फेसिट'. तार आल्यासारखं वाटतं ना? पण सोलापुरातल्या शाळेचा हजेरीपट पाहिलेल्याला हे कठीण जाऊ नये. एम म्हणजे मार्कुस. एल म्हणजे लुकियुस, त्याचे वडील. एफ म्हणजे फिलियुस, मुलगा. लुकियुसचा मुलगा मार्कुस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल असताना हे बांधलं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस 'द्वा. शां. कोटणीस' होतात, तसंच हे. (आज उभी आहे ती इमारत मात्र नंतरची, हाड्रियनच्या काळातली.)

फरक एवढाच, की रोमनांचं एका अक्षरात भागायचं. पुरुषांची रोजच्या वापरातली पहिली नावं जेमतेम 18 च्या आसपास होती. 'एम.' दिसलं की मार्कुसच. गायुसचं लघुरूप तेवढं 'सी.', कारण जुन्या लॅटिनमध्ये क आणि ग दोन्हींना तेच अक्षर चालायचं. सवय झाली, ती पुढे कोणी बदलली नाही.

आपल्याकडे 'एस.' म्हणजे सुनील, सचिन, संगीता, कोणीही! शोधनिबंधांच्या यादीत 'पाटील एस. बी.' शोधून बघा, एका नावाखाली भलतीच माणसं एकत्र येतात. म्हणून तर संशोधकाला 16 अंकी ऑर्किड क्रमांक घ्यावा लागतो. त्यात सोलापुरातल्या तेलुगू घरांमध्ये घराण्याचं नाव आधी लिहायची रीत. फॉर्मवर आडनाव कुठलं, हा गोंधळ वेगळाच.

रोमन साच्यात आई कुठेच नाही. मुलीला तर कुळाचंच नाव मिळायचं: मार्कुस तुलियुस सिसेरोची मुलगी तुलिया. आपल्या सातवाहनांचं उलट. गौतमीपुत्र सातकर्णी, त्यानंतर वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आईच्या गोत्रावरून आलेली ही ओळख. नाशिकच्या लेण्यातला गौतमीपुत्राचा गौरव करणारा प्रसिद्ध लेखही त्याची आई गौतमी बलश्री हिचाच.

1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर मुलाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव, अशी लिहायची आहेत. म्हणजे मधली अक्षरं दोन. ही मुलं पेपर लिहायला लागतील तेव्हा 'मिडल नेम'च्या एका चौकटीत त्यातलं कुठलं अक्षर टिकतं, ते बघायचं. माझी पैज आईच्या अक्षरावर आहे, कारण क्रमात ते आधी येतं.