मुलाची फी आणि बापाचा सात-बारा

जून महिना आला की महाविद्यालयाच्या फीची चिंता शेतकऱ्याच्या घरात पेरणीच्या चिंतेबरोबरच उभी राहते. कित्येक कुटुंबांना शासकीय साह्याचा हक्क असूनही त्याचा लाभ मिळत नाही. याचे कारण मुलाच्या गुणांत क्वचितच असते. बहुधा ते बापाच्या दप्तरात असते. महसूल खात्यात आमची उमेद गेली असल्यामुळे या दप्तराविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस उचित वाटते.

शेतकऱ्याच्या मुलास शिक्षणासाठी आश्रय देण्याची रीत आपल्या करवीर भूमीस नवी नव्हे. शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व पुढे अनेक जातींची वसतिगृहे उभी राहिली. कुंभोजचे भाऊराव पाटील यांनी 1919 साली कऱ्हाडनजीक काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असता वार्षिक बाराशे रुपयांच्या आतील उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांस फीची माफी मिळू लागली. जुनी माणसे तिलाच नादारी म्हणत.

आजच्या योजनांपैकी दोन आमच्या वाचकांच्या विशेष उपयोगाच्या आहेत. पहिली राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार मिळतो. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतलेल्यास हा लाभ नाही. 2024-25 या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींस याच उत्पन्नमर्यादेत संपूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. मुलगी हुशार असूनही खर्चाकडे पाहून तिला घरी बसविणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

दुसरी योजना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याची. ही बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी आहे. आमच्या कोडोलीचा मुलगा शेजारच्या वारणानगरास 1983 साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात घरून ये-जा करीत असेल, तर त्यास ती लागू नाही. पुण्यास खोली घेऊन राहिला तर आहे. 2016 साली योजना निघाली तेव्हा अल्पभूधारकाच्या मुलास मोठ्या शहरांत वर्षास 30,000 व अन्यत्र 20,000 रुपये असा दर होता. चालू वर्षाचा दर महाविद्यालयात विचारून घ्यावा.

खरी अडचण ‘अल्पभूधारक’ या शब्दापाशी येते. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकरांपर्यंत, जमीन धारण करणारा तो अल्पभूधारक. ही धारणा कारकून शेतावर जाऊन मोजीत नाही. तो खात्याचा आठ-अ उतारा पाहतो. आता समजा, आजोबा वारले, तीन भाऊ व एक बहीण मागे राहिली आणि 3 हेक्टर 60 आर जमीन वडील भावाच्या एकट्याच्या नावे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागली. सात-बारावर ‘ए.कु.मॅ.’ अशी जी अक्षरे दिसतात, ती हीच. प्रत्येकाचा वाटा वास्तविक 90 आर. परंतु उताऱ्यावर वडील भाऊ मोठा खातेदार ठरतो, आणि धाकट्या भावांच्या नावे तर काहीच दिसत नाही. वडील भावाची जमीन जास्त म्हणून त्याच्या मुलास दाखला नाही, आणि धाकट्याची जमीनच नाही म्हणून त्याच्याही मुलास नाही! बांध वेगळे, चुली वेगळ्या, पण कागद मात्र एकत्र, अशी घरे आपल्या भागात थोडी नाहीत.

यावर उपाय एकच. प्रथम सर्व वारसांची नोंद करून घ्यावी व नंतर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 85 अन्वये संमतीने वाटपाचा अर्ज तहसीलदारांकडे द्यावा. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. एखाद्याने हरकत घेतली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते व महिने लोटतात. म्हणून मूल दहावीत असतानाच हे काम हाती घ्यावे. बारावीचा निकाल लागल्यावर चावडीवर धावणारास आम्ही नेहमी निराश होऊन परतताना पाहिले आहे. जमिनीवर सोसायटीचा बोजा असेल, तर तो कोणाच्या वाट्यास किती हेही आधीच ठरवावे.

येथे एक सूचना केल्यावाचून राहवत नाही. वाटपाच्या घाईत बहिणीस बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची चाल पडली आहे. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत कन्येचा हक्क पुत्राच्या बरोबरीचा आहे. वरील उदाहरणात बहिणीचा वाटा वेगळा काढूनही प्रत्येक भाऊ अल्पभूधारकच राहतो. भाच्याच्या फीचे निमित्त सांगून तिचा हक्क सोडवून घेण्याचे मुळीच प्रयोजन नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याबाबतही घोटाळा होतो. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात ते धरतात. एक आहे म्हणून दुसरे नको, असे समजू नये. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते व ती बहुधा 31 मार्चला संपते. सबब जुना दाखला जपून ठेवण्यात अर्थ नाही.

अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर मुलानेच भरावयाचा असतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. दोन बँकांत खाती असतील, तर ज्या खात्याची जोडणी शेवटी झाली, तेथेच पैसे जातात. एका खात्याचे पासबुक पाहून पैसे आले नाहीत अशी समजूत करून घेणाऱ्याने दुसरेही पाहावे. पहिल्या वर्षी मंजुरी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी ती आपोआप चालू राहत नाही. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो, आणि त्यास मागील वर्षाची गुणपत्रिका लागते.