पंक संगीत : बंड कोणाविरुद्ध आणि कोणाच्या बाजूने?

पंक म्हटले की फाटलेले कपडे, त्यांना जोडणाऱ्या सेफ्टी पिना, रंगवून ताठ उभे केलेले केस आणि कानठळ्या बसवणारी गिटार एवढेच चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. १९७६ ते १९७९ या अवघ्या तीन-चार वर्षांत ब्रिटनमध्ये बहरलेल्या या संगीताने वेशभूषा, मुद्रणकला आणि ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय यांवर दीर्घकाळ टिकणारा ठसा उमटवला. परंतु त्याच वर्षांत लंडनच्या साऊथॉल आणि ब्रिक लेन भागांत राहणाऱ्या, भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांना एक वेगळाच प्रश्न भेडसावत होता. रस्त्यावर उतरलेला हा संतप्त गोरा तरुण नेमका कोणाच्या बाजूने उभा राहणार?

शिकण्याआधी वाजवायला सुरुवात

पंक या इंग्रजी शब्दाचा रूढ अर्थ टवाळ, उनाड पोर असा होता. संगीताच्या संदर्भात तो प्रथम अमेरिकेत रुजला. न्यूयॉर्कमधील सीबीजीबी या छोटेखानी क्लबमध्ये १९७४ पासून रामोन्ससारखे बँड दोन-अडीच मिनिटांची, अतिशय वेगवान आणि जेमतेम तीन कॉर्डवर उभी असलेली गाणी सादर करू लागले. त्या काळचे लोकप्रिय रॉक संगीत मात्र क्रीडांगणांवरच्या भव्य कार्यक्रमांत, महागड्या वाद्यांत आणि लांबलचक एकल वादनांत रमले होते. सामान्य घरातील सतरा वर्षांच्या मुलाला ते ऐकता येत होते, पण आपणही ते करू शकू असे त्याला वाटणे कठीण होते.

लंडनमध्ये ही ठिणगी पडली तेव्हा परिस्थितीही ज्वालाग्राही होती. बेरोजगारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती आणि १९७६ मध्ये ब्रिटिश सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे ३९० कोटी डॉलरचे कर्ज मागावे लागले. किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लॅरेन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचे कपड्यांचे दुकान होते. त्या दुकानाभोवती जमलेल्या मुलांमधून सेक्स पिस्टल्स हा बँड तयार झाला आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये एका कला महाविद्यालयात त्याचा पहिला कार्यक्रम झाला. त्याचा गायक जॉन लायडन, म्हणजेच जॉनी रॉटन, हा आयर्लंडमधून आलेल्या कामगार कुटुंबातला मुलगा होता.

पंकचा सर्वांत टिकाऊ वारसा कोणता, यावर मतभेद संभवतात. तथापि, संगीताची साधने सामान्यांच्या हाती येणे ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल. मार्क पेरी या बँक कर्मचाऱ्याने जुलै १९७६ मध्ये 'स्निफिन ग्लू' नावाची, टंकलिखित पाने छायाप्रत करून पिनांनी जोडलेली पत्रिका सुरू केली. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने सुमारे ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७ मध्ये आपली पहिली तबकडी स्वतःच प्रकाशित केली. कंपनीच्या दारात ताटकळण्याची गरज नाही, हे त्यातून शेकडो मुलांच्या लक्षात आले.

बंदीने मिळालेली प्रसिद्धी

१ डिसेंबर १९७६ रोजी क्वीन या प्रख्यात बँडने ऐन वेळी नकार दिल्याने सेक्स पिस्टल्सना संध्याकाळच्या एका थेट दूरचित्रवाणी कार्यक्रमात बोलावण्यात आले. सूत्रसंचालक बिल ग्रंडी यांनी त्यांना डिवचले आणि उत्तरादाखल शिव्यांचा भडिमार झाला. दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे त्याच बातमीने भरून गेली. नगरपालिकांनी आणि सभागृहांच्या चालकांनी दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम रद्द केले. ईएमआय कंपनीने महिनाभरातच करार मोडला. मार्च १९७७ मध्ये एअँडएम कंपनीने बकिंगहॅम राजवाड्याबाहेर गाजावाजा करत त्यांच्याशी करार केला आणि आठवड्याच्या आत तोही संपुष्टात आला.

राणी एलिझाबेथ यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या तोंडावर, २७ मे १९७७ रोजी, या बँडचे 'गॉड सेव्ह द क्वीन' हे गीत प्रसिद्ध झाले. बीबीसीने ते वाजवण्यास नकार दिला, स्वतंत्र प्रसारण प्राधिकरणानेही तेच धोरण स्वीकारले. तरीही विक्रीच्या अधिकृत यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. काही दुकानांनी यादीतली ती जागा चक्क कोरी ठेवली. पहिला क्रमांक मुद्दाम नाकारला गेला असा संशय अजूनही व्यक्त होतो, पण तो सिद्ध झालेला नाही.

या साऱ्या गदारोळात एक गोष्ट मागे पडते. सत्तेला डिवचणे हा बंडाचा केवळ अर्धा भाग असतो. राणी, दूरचित्रवाणी आणि ध्वनिमुद्रिका कंपन्या यांच्याविरुद्ध आरडाओरडा करणारा हा तरुण आपल्या शेजारी राहणाऱ्या दुबळ्याशी कसा वागतो, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

दंडावरचे चिन्ह

उत्तर संदिग्ध होते, कारण पहिल्या फळीतले काही पंक कलाकार नाझींचे स्वस्तिकचिन्ह मिरवत होते. सिड व्हिशसच्या शर्टावर आणि सुझी सूच्या दंडावर ते दिसत असे. भारतीय वाचकाच्या मनात स्वस्तिक म्हणजे उंबरठ्यावरचे मंगलचिन्ह असते, लंडनवर जर्मन बाँब पडलेले पाहिलेल्या पिढीला मात्र ते मृत्यूचे चिन्ह होते. आईवडिलांना संताप यावा एवढाच हेतू असल्याचे या मुलांकडून सांगितले जाई. ते खरे मानले तरी, याच चिन्हाचे वारस त्या वेळी लंडनच्या गल्ल्यांत माणसांवर हल्ले करत होते, हे विसरून चालणार नाही.

४ जून १९७६ रोजी साऊथॉलमध्ये डॉमिनियन चित्रपटगृहाजवळ गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या तरुणाची भोसकून हत्या झाली. त्यानंतर तेथील आशियाई मुलांनी वडीलधाऱ्यांच्या अर्जविनंत्यांवर न थांबता स्वतःची युवक चळवळ उभी केली. दोनच महिन्यांनी, ५ ऑगस्टला, बर्मिंगहॅममधील कार्यक्रमात ख्यातनाम गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी रंगमंचावरून स्थलांतरितांच्या विरोधात वक्तव्य केले आणि इनॉक पॉवेल या स्थलांतरविरोधी राजकारण्याला पाठिंबा दिला. जमैकाच्या बॉब मार्लीचे गीत गाऊन अमेरिकेत अव्वल स्थान मिळवलेल्या कलाकाराने असे बोलावे, याचा अनेकांना धक्का बसला. छायाचित्रकार रेड साँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीतविषयक नियतकालिकांना निषेधाचे पत्र धाडले आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वंशद्वेषविरोधी मोहीम जन्माला आली. क्लॅप्टन यांनी पुढे, २०१८ मध्ये, या प्रकरणाबद्दल खेद व्यक्त केला.

मोहिमेची रीत सोपी होती. एकाच मंचावर गोऱ्यांचा पंक बँड आणि कृष्णवर्णीयांचा रेगे बँड यांनी वाजवायचे. याला पूर्वपीठिकाही होती. पंकच्या रॉक्सी या क्लबमध्ये तबकड्या वाजवण्याचे काम डॉन लेट्स हा जमैकन आईवडिलांचा मुलगा करत असे आणि पंकच्या तबकड्या अद्याप फारशा निघाल्याच नसल्यामुळे तो रेगे ऐकवत असे. क्लॅश या बँडने तर आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत ज्युनिअर मर्विन यांचे रेगे गीत घेतले होते.

व्हिक्टोरिया पार्क आणि त्यानंतरचे चार दिवस

नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाने मे १९७७ मध्ये लंडनच्या निवडणुकीत सुमारे १,१९,००० मते मिळवली होती. त्याला उत्तर म्हणून ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गार चौकातून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत विशाल मोर्चा निघाला. मोर्च्याच्या शेवटी क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन बँड आणि एक्स-रे स्पेक्स यांचे कार्यक्रम झाले. उपस्थितांची संख्या ८० हजार ते एक लाख असावी, असा अंदाज दिला जातो. एक्स-रे स्पेक्सची गायिका पॉली स्टायरीन हिचे वडील सोमालियाचे होते. पंक ही केवळ गोऱ्या मुलांची मक्तेदारी नव्हती, याची ती जिवंत साक्ष होती.

परंतु ४ मे रोजी, म्हणजे अवघ्या चार दिवसांनी, त्या उद्यानापासून फार दूर नसलेल्या व्हाइटचॅपलमध्ये आल्ताब अली या बांगलादेशी वस्त्रकामगाराची कामावरून घरी परतताना हत्या करण्यात आली. हल्लेखोर तिघेही किशोरवयीन होते. पंकच्या तबकड्या विकत घेणाऱ्या मुलांच्याच वयाचे. गाण्याने द्वेष थांबतो असे मानणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवायला हवी. दहा दिवसांनी सुमारे सात हजार लोक आल्ताब अलींच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत चालत गेले, आणि त्यात पुढाकार ब्रिक लेनच्या बंगाली समाजाचा होता.

साऊथॉलची तबकडी

साऊथॉलमध्ये मिस्टी इन रूट्स हा रेगे बँड 'पीपल युनाइट' नावाचे कलाकेंद्र चालवणाऱ्या गटाचा भाग होता. त्याच परिसरातल्या रट्स या पंक बँडला पहिली तबकडी काढायची होती, तेव्हा ती या कृष्णवर्णीय कलाकारांनीच आपल्या शिक्क्याखाली प्रकाशित केली.

२३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंटने साऊथॉलच्या टाउन हॉलमध्ये निवडणूक सभा जाहीर केली. आशियाई रहिवाशांनी दुकाने बंद ठेवून हजारोंच्या संख्येने निदर्शने केली. पोलिसांनी ७०० हून अधिक लोकांना ताब्यात घेतले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले शिक्षक ब्लेअर पीच डोक्यावर बसलेल्या फटक्याने मरण पावले. पोलीस पीपल युनाइटच्या इमारतीतही घुसले. मिस्टी इन रूट्सचे व्यवस्थापक क्लॅरेन्स बेकर यांच्या कवटीला गंभीर इजा झाली आणि ते दीर्घकाळ बेशुद्धावस्थेत होते. रट्सने त्या घटनेवर 'जा वॉर' हे गीत रचले, रेगेच्याच लयीत. पंकमधील बंडखोरी शेजाऱ्याच्या बाजूने उभी राहिल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

३ मे १९७९ च्या निवडणुकीत नॅशनल फ्रंटचे सर्व ३०३ उमेदवार अनामत रक्कम गमावून बसले. याचे श्रेय केवळ संगीताला देणे भाबडेपणाचे ठरेल. परक्या संस्कृतीच्या लोकांमुळे बुडून जाण्याची भीती ब्रिटिशांना वाटते, असे मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८ मध्ये दूरचित्रवाणीवर म्हटले होते आणि फ्रंटचे बरेच मतदार त्यांच्याकडे वळले, असे अनेक अभ्यासक मानतात. थॅचर यांच्या त्याच विधानावरून दक्षिण लंडनमधील काही पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी आपल्या पंक बँडचे नाव 'एलियन कल्चर', म्हणजे परकी संस्कृती, असे ठेवले. वंशद्वेषविरोधी मंचांवर पंक आणि रेगे भरपूर असले, तरी ज्यांच्यावर हल्ले होत होते ते आशियाई तरुण तेथे वादक म्हणून क्वचितच दिसत. ही त्या मोहिमेची ठळक उणीव होती.

दुसऱ्या बाजूने, पंक म्हणून आरंभ केलेल्या स्क्रूड्रायव्हर या बँडने पुढे उघड नवनाझी प्रचार सुरू केला. ३ जुलै १९८१ रोजी साऊथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्न या मद्यालयात पंकच्याच ओय या शाखेतील बँडांचा कार्यक्रम ठेवला गेला. त्यासाठी बाहेरून आलेल्या मुंडन केलेल्या टोळक्यांनी आशियाई दुकानांची मोडतोड केली आणि संतप्त स्थानिक तरुणांनी ते मद्यालय जाळून टाकले. आपण वंशवादी नसल्याचा खुलासा तेथे वाजवणाऱ्या एका बँडने नंतर केला. तीच तीन कॉर्ड, तोच वेग आणि तोच राग असूनही श्रोते मात्र वेगळे होते.

फॅशनच्या जगात पंकचे पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. वेस्टवुड यांना २००६ मध्ये डेम हा राजसन्मान मिळाला. त्यांचा आणि मॅक्लॅरेन यांचा मुलगा जो कोरे याने २६ नोव्हेंबर २०१६ रोजी थेम्स नदीत एका नौकेवर पंकच्या स्मृतिवस्तूंचा संग्रह जाळला. त्याची किंमत ५० लाख पौंड असल्याचे त्याने सांगितले होते. साऊथॉलच्या वाट्याला जे आले त्याला अशी किंमत लावता येत नाही. ब्लेअर पीच यांच्या मृत्यूचा पोलिसांचा अंतर्गत अहवाल २०१० मध्ये जाहीर झाला. घातक फटका पोलिसानेच मारला असण्याची दाट शक्यता त्यात नोंदवलेली आहे. त्या मृत्यूबद्दल कोणावरही खटला भरला गेला नाही.